फोकर डी सेव्हन, १/४८ : छापील कापड चढवण्याच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

आंबेडकर जयंती. मिरवणूक संध्याकाळी, त्यामुळे दुपार मोकळी सापडली. बरेच दिवस कपाटावर पडलेला फोकर डी सेव्हन या जर्मन लढाऊ विमानाच्या मॉडेलचा खोका खाली काढला. प्रमाण १/४८. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ८.९ मीटर, मॉडेलवर तो साडेअठरा सेंटीमीटर होतो. टेबलावर पसारा कमी आणि कामाला हात पुरेसा.

पहिल्या महायुद्धातली दुपंखी विमानं म्हटलं की लोक तारांना भितात. इथं ते दुखणं नाही. फोकरने पंख जाड केले आणि आतल्या लाकडी तुळयांवरच पेलले, त्यामुळे दोन पंखांमध्ये तारांचं जाळं नाही. चाकांच्या चौकटीत फुली मारणाऱ्या तारा आणि शेपटीकडं जाणाऱ्या दोऱ्या, एवढंच. वाचलेला सगळा वेळ डिकलला, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चढवायच्या छापील पातळ फिल्मला, द्यायचा ठरवलाय.

कारण या विमानाचे पंख रंगवलेले नव्हतेच. १९१७ च्या सुमारास जर्मनांनी पंखांवर ब्रशने कॅमफ्लाज मारत बसण्याऐवजी ते कापडावरच छापून घ्यायला सुरुवात केली. रंगाचं वजन वाचलं, वेळ वाचला. बहुकोनी तुकड्यांची नक्षी, ठरावीक अंतराने पुन्हा तीच. वरच्या बाजूच्या कापडाला गडद छटा, खालच्या बाजूला फिकट. मॉडेलवाले याला लॉझेंज म्हणतात. चाररंगी आणि पाचरंगी असे दोन मुख्य प्रकार. मी चाररंगी घेतोय.

खोक्यात लॉझेंज डिकल आहेत, पण एका पंखाला एक सबंध तुकडा अशा हिशेबाने छापलेले. ते नको. ते लावलेली मॉडेलं पाहिली आहेत, गिफ्ट पेपरात गुंडाळल्यासारखी दिसतात. वेगळी शीट मागवली आहेत: वरच्या छटेचं, खालच्या छटेचं, आणि पंखाच्या फासळ्यांवरच्या पट्ट्यांचं.

२१ एप्रिल

कॉकपिट, इंजिन, फ्युजलाज (विमानाचं धड) जोडून झालं. प्रायमर मारला. लिहिण्यासारखं काही नाही, कॉकपिटचं निम्मं काम वरून दिसणारही नाही.

५ मे

शीट आली. कुरिअरपेक्षा कस्टमने जास्त घेतले.

शीट म्हणजे सलग छापलेला पट्टा. कुठं काय कापायचं याची एकही रेघ नाही. इथंच निम्मे लोक गडबडतात, आणि माझ्या मते या कामातली खरी मजाही इथंच आहे. डिकल हे चित्र नव्हे, ते कापड आहे. कापडाला पन्हा असतो, किनार असते, उभं-आडवं असतं. कारखान्यात ज्या पद्धतीने कापड बेतलं त्याच पद्धतीने डिकल बेतायचं.

हिशेब: मूळ कापडाचा पन्हा साधारण १.३ ते १.३५ मीटर. ४८ ने भागला तर २७-२८ मि.मी. पट्टे पंखाच्या पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडं जातात. म्हणजे वरच्या पंखाची ८.९ मीटर लांबी झाकायला सात पट्टे, शेवटचा अपुरा. कारखान्यात हे पट्टे शेजारी शेजारी शिवून मोठी चादर करत, ती पंखावर ताणत आणि मग वरून डोप (कापड घट्ट करणारा लेप) देत. डोप सुकला की कापड आक्रसून ढोलकीसारखं घट्ट. (एवढी उपमा चालेल.)

७ मे

मतदान. केंद्रावर ड्युटी. घरी पोचलो तेव्हा टेबलाकडं बघायचीही ताकद नव्हती.

१२ मे

गंजगोलाईत शिंप्याकडं पँटची उंची कमी करायला गेलो, जाताना शीटचा एक तुकडा पाकिटात घालून नेला. मुद्दामच. गोलाईची मुख्य इमारत १९१७ ची, म्हणजे हे कापड आणि ही इमारत एकाच वयाचे. इथं लातूरला आंबाबाईच्या देवळाभोवती सोळा रस्त्यांची बाजारपेठ उभी राहत होती, तिकडं जर्मनीत विमानाचं कापड छापत होते.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला आणि तुकडा ट्यूबलाइटकडं धरला.

"काय करायलाव सर हे?"

सांगितलं.

"पन्हा किती हाय खऱ्या कापडाचा?"

"एक मीटर पस्तीस धरा."

"म्हंजे चोपन इंचीच्या जवळ. बरं. अन् नक्षीला तोंड हाय का ह्याच्या?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. नक्षीला वर-खाली आहे. पट्टे कापताना कागद वाचवायला एक सुलटा, एक उलटा असे कापले असते तर शेजारच्या दोन पट्ट्यांत नक्षी उरफाटी गेली असती. मास्तरांचं म्हणणं असं की डावा पंख असो की उजवा, सगळे पट्टे एकाच तोंडाने लागले पाहिजेत, एका ताग्यातून ओढत गेल्यासारखे. उजव्या पंखावर डाव्याचं आरशातलं प्रतिबिंब दिसलं की समजायचं, हे कापड नाही.

"जोडावर नक्षी जुळवायची का?" मी विचारलं.

"शेरवानी असती तर जुळवलं असतं. लढाईच्या इमानाला कोण जुळवत बसतंय?"

जुन्या फोटोंतही जोडावर नक्षी तुटलेलीच दिसते. म्हणजे जोड लपवायचा नाही, उलट तो दिसला पाहिजे. पँटचे पैसे घेतले, सल्ल्याचे नाही.

१९ मे

आज फक्त चाचण्या. जुन्या मोडक्या मॉडेलचे पंख घेतले.

या शीटची फिल्म पारदर्शक आहे, छपाई अर्धवट झिरपणारी. खालचा रंग वर येतो. तीन पट्ट्यांत पंख रंगवला: पांढरा, मळकट क्रीम, फिकट राखाडी. प्रत्येकावर एकेक तुकडा. पांढऱ्यावर निळा आणि हिरवा इतके भडक की जत्रेतला तंबू. राखाडीवर जांभळा मेला. क्रीमवर चारही रंग एकमेकांशी बोलतात. खालचं न रंगवलेलं लिनन असंच काहीसं दिसत असणार. वरच्या बाजूला क्रीम ठरलं, खालच्या फिकट शीटला क्रीममध्येच थोडा पांढरा घालून.

पाण्याचीही चाचणी. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की गिझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते. त्या पाण्यात भिजवलेला तुकडा सुकल्यावर कडेने पांढरी रांगोळी उमटली, गडद जांभळ्यावर तर ठसठशीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर वापरलेला तुकडा स्वच्छ. तेव्हा भिजवायला, पुसायला, ब्रश धुवायला फक्त तेच पाणी. २०१६ साली ज्या गावाने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, तिथं विमानाला डिस्टिल्ड वॉटर लागतंय, हे घरात दोनदा ऐकून घेतलं.

ब्लेड: मेडिकलमधलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड. हॉबी नाइफपेक्षा स्वस्त आणि जास्त धारदार. चार-पाच पट्टे कापले की बदलायचं. धार गेली की ब्लेड फिल्म कापत नाही, ओढतं, आणि कडेला दातरं पडतात.

२५ मे

खालच्या बाजूपासून सुरुवात. आधी खाल, मग वर, म्हणजे वरचं कापड पुढच्या कडेवरून किंचित खाली वळवता येतं आणि जोड खाली जातो.

पारा चाळिशीपार. दुपारी मायक्रो सेट (डिकल चिकटायला मदत करणारं द्रावण) पंखावर लावून डिकल उचलेपर्यंत ते उडून जातं, डिकल जिथं टेकेल तिथंच धरून बसतं, सरकवायला गेलं की फाटतं. म्हणून पहाटे साडेपाचला बसलो. पंखा बंद, कारण वारा सोल्यूशन सुकवतो. कूलरही बंद, कारण तो सुकवत नसला तरी वाळ्याच्या ताट्यांतून तुसं उडवतो, आणि ओल्या डिकलखाली अडकलेलं एक तूस आयुष्यभर दिसतं. आठ वाजेपर्यंत घामाने बेजार, पण खालचे पट्टे सगळे बसले.

क्रम लिहून ठेवतो, पुढच्या वेळी शोधायला नको. पृष्ठभाग आधी ग्लॉस (चकचकीत वॉर्निश), पूर्ण वाळलेला. पट्टा पुढे-मागे दोन-तीन मि.मी. वाढावा ठेवून कापायचा. कोमट पाण्यात दहा-बारा सेकंद, मग बाहेर ताटलीत ठेवून वाट बघायची. पाण्यातच सोडला तर गोंद धुऊन जातो. पंखावर मायक्रो सेटचा ओला हात. पट्टा कागदावरून सरकवत न्यायचा, चिमट्याने उचलायचा नाही, एवढा मोठा तुकडा हवेत स्वतःवरच दुमडतो. ओल्या मऊ ब्रशने मधून कडांकडं पाणी काढायचं. पुढचा पट्टा याला भिडवून, अगदी केसभर चढवून. ती केसभर चढण वाळल्यावर शिवणीसारखी दिसते. मग मायक्रो सोल, म्हणजे डिकल मऊ करणारं द्रावण.

मायक्रो सोल लावला की डिकल सुरकुततो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हात लावायचा नाही. तासाभरात तो आपोआप बसतो आणि फासळ्यांचे उंचवटे वर येतात. बसला नाही तिथं बुडबुडा असतो. सुईने टोचून परत सोल.

२६ मे

वाढावा कापला. मागच्या कडेला ब्लेड नको, बारीक सँडिंग स्टिक फक्त वरून खाली, एकाच दिशेने. डी सेव्हनची मागची कड लाकडाची नव्हे, तारेची होती. कापड आक्रसताना दोन फासळ्यांमध्ये तार आत ओढली जायची, म्हणून कड सरळ नाही, कमानी-कमानींची आहे. त्या कमानीत ब्लेड नीट फिरत नाही, सँडिंग स्टिक फिरते.

२ जून

वरचा पंख, वरची बाजू. लोक बघतात ते हेच, म्हणून मधल्या पट्ट्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडं गेलो. पेन्सिलीने आधी क्रीमवर खुणा. सगळे पट्टे एका तोंडाने. प्रत्येक पट्ट्याच्या मागे, कागदाच्या बाजूला, बाण काढून ठेवला होता, त्यामुळे भिजवताना घोळ नाही.

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) वेगळे. ते खऱ्या विमानातही वेगळे कापड चढवून बसवलेले भाग, तेव्हा पंखाचाच पट्टा त्यांच्यावरून सलग नेणं चुकीचं दिसतं. कापड आडवं घेतलं, पंखाच्या लांबीच्या दिशेने. एवढ्या एका बदलाने एलेरॉन पंखापासून सुटा दिसायला लागला, बिजागरीची फट गडद न करताच.

९ जून

मृग निघाला आणि काल रात्री पाऊसही आला. शेजारचे पेरणीच्या गोष्टी बोलतायत, सोयाबीनचं बियाणं कोणत्या वाणाचं घ्यावं यावर सकाळी गच्चीवर सभा. मी फासळ्यांच्या पट्ट्या कापतोय.

पंखाच्या आत फासळी, तिच्यावर कापड शिवलेलं, आणि शिवणीवर चिकटवलेली कापडाची अरुंद पट्टी. काही विमानांवर ही पट्टी त्याच छापील कापडाची, काहींवर साध्या निळसर वा गुलाबी कापडाची. मी छापील घेतली. १/४८ ला ती एक मि.मी.च्याही आत येते. शीटवर तशा बारीक पट्ट्या तयार आहेत, पण दोन पट्ट्यांमधली फिल्म कापताना हात जरा हलला की पट्टी वाकडी.

हे काम कंटाळवाणं आहे. गोड बोलण्यात अर्थ नाही. पण करून बघितलं की कळतं: पट्ट्यांच्या आधीचा पंख आणि नंतरचा पंख ही दोन वेगवेगळी मॉडेलं आहेत. नक्षीवर नक्षी असल्याने पट्टी लांबून दिसत नाही, जवळून दिसते, उजेड तिरका पडला की सगळ्या एकदम दिसतात. साध्या रंगाच्या पट्ट्या लावणाऱ्यांचं काम जास्त उठावदार दिसतं हे मान्य. मला हे दबलेलं बरं वाटतं.

टोकं उचलली तिथं पाण्यात पातळ केलेला फेविकॉल. सुईच्या टोकावर मावेल एवढाच.

१६ जून

फ्युजलाज. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, तेव्हा इथंही लॉझेंज. बाजू सपाट असल्याने पंखापेक्षा सोपं. इंजिनावरचे पत्रे मात्र पत्रेच, ते गडद हिरवे रंगवले. कापड कुठं संपतं आणि पत्रा कुठं सुरू होतो ही रेघ धारदार हवी. दोन चाकांमधल्या आसावर छोटा पंख असतो, त्यालाही कापड. चाकांच्या झाकण्यांनाही.

कुणाचं विमान करायचं हे अजून ठरवलं नव्हतं. लाल-पिवळे पट्टे, वैयक्तिक खुणा असलेली डी सेव्हन डझनांनी आहेत, आणि त्यात कापड झाकलं जातं. मी कोणाचीही खूण नसलेलं साधं विमान करतोय. अशा विमानांनी काय केलं ते ठाऊक आहे: दहा विजय मिळवलेला आपला इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ ला डी सेव्हनांशी झुंजतानाच पडला, तेव्हा वय १९. आणि ११ नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीत दोस्त राष्ट्रांनी जी विमानं मागितली, त्यांत डी सेव्हनचं नाव घालून ती सगळीच्या सगळी मागितली.

लातूरचा संबंध याहून जवळचा आहे. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. सातवा निजाम मीर उस्मान अली खानने दिलेल्या पैशांतून ब्रिटिशांच्या ११० नंबरच्या स्क्वाड्रनला डी.एच. ९ए बाँबर मिळाले, प्रत्येकावर निजामाची भेट असल्याचा मजकूर रंगवलेला, आणि स्क्वाड्रनचं नावच हैदराबाद पडलं. सप्टेंबर १९१८ मध्ये ते फ्रान्सला पोचले, जर्मनीवर दिवसाढवळ्या बाँब टाकायला, आणि जबर नुकसान सोसलं. निजामाची तिजोरी भरायला मराठवाड्यातल्या शेतसाऱ्याचाही वाटा होताच. म्हणजे आमच्या पणजोबांच्या ज्वारी-कापसातून निघालेलं काहीतरी तिकडच्या आभाळात उडत होतं. शाळेत मुक्तिसंग्राम शिकवताना हे कधी येत नाही.

२३ जून

क्रूस. १९१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये जर्मनांनी आपल्या विमानांवरचा पसरट टोकांचा जुना क्रूस बदलून सरळ बाहूंचा आणला. डी सेव्हन आघाडीवर आली ती त्याच सुमारास, त्यामुळे सरळ क्रूस.

डिकलवर डिकल चढवताना अडचण पांढऱ्याची. क्रूसाच्या पांढऱ्या कडांतून खालची नक्षी डोकावते. खऱ्या विमानावर तो रंग कापडावर ब्रशने मारलेला, तिथं डोकावायचं कारण नाही. आधी पांढऱ्या रंगाचाच क्रूस मास्क लावून एअरब्रशने मारला, वर डिकल. नक्षी गेली. रडरही (शेपटीचं उभं सुकाणू) पांढरा, तो सरळ रंगवला.

३० जून

वॉर्निश मारायचं आहे, हवा मारू देत नाही. लॅकर दमट हवेत मारलं की दुधाळ पडतं, आणि गडद जांभळ्या-निळ्यावर तर ते लपत नाही. मेमध्ये उकाडा नडला, आता ओल नडतेय. डिकलच्या कामाला आपल्याकडं फेब्रुवारी बरा.

दरम्यान रंगाचा वाद. जोडीदार मंडळींना फोटो पाठवले, दोघांनी कळवलं निळा चुकला, एकाने कळवलं हिरवा. यात शंभर टक्के बरोबर कोणी नसतो. शंभर वर्षांत उरलेलं कापड विटलेलं असतं. कॅनडात क्वेबेकमधल्या नोल्टनच्या छोट्या संग्रहालयात मूळ कापडासकट टिकलेलं एक डी सेव्हन आहे, पण तेही आज १९१८ च्या सकाळी दिसत होतं तसं दिसत असेल असं कोण म्हणेल? शिवाय नव्या कापडावर डोप, त्यावर ऊन, तेल, पाऊस. मी शीटवरचा रंग तसाच ठेवतो आणि नुसता दबवतो.

७ जुलै

सकाळी ऊन पडलं. आधी फिल्टर: ग्लॉसवर अगदी पातळ तपकिरी ऑइल कलर, थिनरमध्ये थेंबभर, रुंद ब्रशने पुढून मागे. चारही रंगांवर एकच छटा बसली की ते एका कापडाचे वाटायला लागतात. खालच्या बाजूला त्याहून कमी. पॅनल लाइन वॉश, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांत पातळ गडद रंग सोडणं, नाही. अनेकांचा हात सवयीने तिकडं जातो, पण कापडाला पॅनल लाइन कुठून येणार? वॉश फक्त इंजिनच्या पत्र्यांवर.

मग वॉर्निश: मॅट नाही, किंचित चमकीचं सॅटिन. डोप दिलेलं कापड अगदी कोरडं दिसत नाही.

१४ जुलै

वरचा पंख बसला, चाकं बसली, फुलीच्या तारा ताणलेल्या नायलॉनच्या. मास्तरांना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी पंख मोठा करून बघितला, जोडावर थांबले, आणि विचारलं, "किनार वर घेतली का खाली?" डावीकडचा पट्टा वर, सगळीकडं तोच क्रम, हे सांगितल्यावर मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वळले.

वरच्या छटेचं शीट अर्ध्याहून कमी उरलंय, एका डी सेव्हनचा वरचा पंख निघणार नाही, शेपूट आणि फ्युजलाज निघेल. खालच्या छटेचं पुष्कळ आहे. दोन्ही सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत, सपाट, पुस्तकाखाली. गुंडाळी केली तर पावसाळ्यात फिल्म तडकते. डी.एच. ९ए चा किट शोधतोय. त्याला छापील कापड नाही, वरून गडद हिरवट-तपकिरी आणि खाली साधं लिनन. मात्र निजामाच्या भेटीचा मजकूर असलेलं डिकल लागेल.